पीएलसीचा अबोला

रात्रपाळीत यंत्र थांबतं आणि स्क्रीनवर लाल पट्टी येते: ‘कम्युनिकेशन फेल’. पुढच्या दहा मिनिटांत जे घडतं ते मुंबईत मरोळच्या एमआयडीसीत काय आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये काय, जवळपास सारखंच असतं. एकजण पॅनेलचा मेन बंद करून चालू करतो. दुसरा कनेक्टर उपटून, फुंकर मारून परत बसवतो. तिसऱ्याचं म्हणणं पडतं की प्रोग्रॅम उडालाय, लॅपटॉप आणा आणि परत टाका. मग पहाटे तीनला फोन येतो, ‘साहेब, सगळं करून बघितलं.’ या ‘सगळं करून’मध्येच बिघाडाचा माग पुसून गेलेला असतो.

माझं सरळ मत आहे की काहीही हलवण्याआधी दोन मिनिटं नुसतं बघत बसावं. कारण यंत्राचा, म्हणजे त्यातल्या पीएलसीचा, बाकीच्या उपकरणांशी संपर्क तुटतो तो निरनिराळ्या तऱ्हांनी, आणि प्रत्येक तऱ्हा वेगळ्या ठिकाणी बोट दाखवते.

पीएलसी म्हणजे प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर. औषधाच्या गोळ्या स्ट्रिपमध्ये बसवणाऱ्या यंत्रापासून पाण्याच्या पंपापर्यंत सगळीकडे पॅनेलच्या आत हा डबा असतो. सेन्सर काय सांगतात ते वाचायचं, प्रोग्रॅम चालवायचा, त्याप्रमाणे मोटर आणि व्हॉल्व्ह हलवायचे, आणि काही मिलिसेकंदांत पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं, एवढंच तो करतो. १९६८ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला रिलेंनी (विजेवर चालणाऱ्या स्विचांनी) भरलेल्या कपाटांचा वैताग आला होता. गाडीचं मॉडेल बदललं की सगळं वायरिंग नव्याने करावं लागे. त्याच सुमारास डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेडफर्ड असोसिएट्समध्ये मॉडिकॉन ०८४ हे यंत्र घडवलं. त्या कंपनीचा तो चौऱ्याऐंशीवा प्रकल्प, म्हणून नावात ०८४. पुढे १९७९ मध्ये मॉडिकॉनने यंत्रांनी आपसात बोलण्यासाठी ‘मॉडबस’ नावाची रीत काढली. ती आजही जिवंत आहे. तुमच्या ऑफिसच्या किंवा कारखान्याच्या पॅनेलवर नवा डिजिटल वीजमीटर बसवला असेल, तर त्याच्या पाठीमागे मॉडबसच्या तारा जोडायचे दोन स्क्रू असण्याची बरीच शक्यता आहे.

मॉडबसचं बोलणं शाळेतल्या हजेरीसारखं चालतं. एक मास्टर, बहुधा पीएलसीच, नंबर पुकारतो, त्या नंबरचं उपकरण उत्तर देतं, बाकीचे गप्प. न विचारता कुणी बोलत नाही. नंबर १ ते २४७. मास्टरचा प्रश्न साधारण आठ बाइटचा असतो: नंबर, काय हवंय, कुठून हवंय, किती हवंय, आणि शेवटी दोन बाइटची बेरीजवजा खूण. वाटेत एखादा बिट जरी बिघडला तरी ही खूण जुळत नाही. खूण जुळली नाही तर उपकरण तक्रार करत नाही, ते सरळ गप्प बसतं.

हे गप्प बसणंच घोटाळ्याचं आहे. केबल तुटली तरी उत्तर नाही. वेग चुकला, म्हणजे मास्टर सेकंदाला ९६०० बिटांवर आणि मीटर १९२०० वर असला, तरी उत्तर नाही. नंबर चुकला, पॅरिटी (प्रत्येक बाइटमागचा तपासणीचा बिट) चुकली, शेजारच्या मोटरच्या गोंगाटाने एक बिट उलटला, तरीही नाहीच. स्क्रीनवर या सगळ्यांसाठी एकच लाल पट्टी.

म्हणून समोरून ‘नाही’ असं उत्तर आलं तर मला हायसं वाटतं. मॉडबसमध्ये उपकरणाला विनंती मान्य नसेल तर ते मागणीच्या (‘काय हवंय’च्या) आकड्यात १२८ मिळवून परत पाठवतं आणि पुढे कारणाचा आकडा जोडतं. म्हणजे ३ मागितलं तर उत्तरात १३१ येतं, सोबत २. या २ चा अर्थ ‘असा पत्ता माझ्याकडे नाही’. ऑपरेटरला ही एरर दिसते आणि तो केबल बदलायला धावतो. खरं तर या एका उत्तराने केबल ठीक, वेग ठीक, पॅरिटी ठीक, नंबर ठीक हे सगळं सिद्ध झालेलं असतं. चूक फक्त पत्त्यांच्या कोष्टकात आहे. बहुधा एका घराची: उपकरणाच्या पुस्तकात जे रजिस्टर (आकडा ठेवायचा कप्पा) ४०००१ म्हणून छापलेलं असतं ते तारेवर शून्य म्हणून जातं, आणि हे शून्य-एकचं भांडण दर नव्या कामात कुणाला तरी चावतंच.

याहून फसवा प्रकार म्हणजे उत्तर येतं, एररही नाही, पण आकडा भलताच. समजा फ्लोमीटरमधून १,००,००० लिटर पाणी गेलंय आणि स्क्रीन म्हणतेय २,२५,८६,३२,७०५. म्हणजे सव्वादोनशे कोटींच्या वर लिटर! मीटर वेडा झालेला नाही. मॉडबसच्या एका रजिस्टरमध्ये ६५,५३५ पर्यंतच आकडा मावतो. त्यामुळे एक लाख हा आकडा दोन तुकड्यांत येतो: वरचा तुकडा १, खालचा ३४,४६४. एकदा ६५,५३६ अधिक ३४,४६४, झाले एक लाख. तुकडे उलट क्रमाने जोडले की हिशेब ३४,४६४ गुणिले ६५,५३६ अधिक १ असा होतो आणि वरचा राक्षसी आकडा उभा राहतो. सॉफ्टवेअरमध्ये ‘वर्ड स्वॅप’ची खूण केली की काम संपलं. यासाठी कुणी मीटर खोलून कंपनीकडे दुरुस्तीला पाठवत असेल तर त्याला अडवा.

आता तारेकडे. माझ्या अनुभवात रात्रीचे बहुतेक फोन शेवटी तारेवरच येऊन थांबतात. तीन वर्षं चाललेला प्रोग्रॅम एका रात्रीत आपोआप बिघडत नाही. अपवाद जुन्या पीएलसीचा, ज्यांची मेमरी छोट्या बॅटरीवर तगते. बॅटरी संपलेली असताना कुणी मेन बंद केला की प्रोग्रॅम खरोखरच उडतो. म्हणजे ‘बंद करून चालू करू’ हा उपाय तिथे स्वतःच बिघाड ठरतो. बॅटरीचा दिवा लागलाय का, हे आधी बघा.

कारखान्यात मॉडबस बहुतेक आरएस-४८५ या पद्धतीने धावतो. एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारा, आणि संदेश त्यांच्यातल्या व्होल्टेजच्या फरकात. फरक ०.२ व्होल्ट असला तरी समोरच्याला कळतं. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच चढतो, फरक तसाच राहतो. त्यामुळे कमी वेगाला १,२०० मीटरपर्यंत हे बोलणं पोचतं. पण तार जिथे संपते तिथे संदेश आपटून परत फिरतो आणि पुढच्या बिटांत मिसळतो. तो जिरवायला तारेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर लावायचा असतो. दोन टोकांना दोन. मधे कुठेही नाही.

इथे साध्या मल्टिमीटरने करायची एक तपासणी मला फार आवडते. सगळ्या उपकरणांचा पुरवठा बंद करा आणि दोन तारांमधला रोध मोजा. १२० ओहमचे दोन रेझिस्टर समांतर, म्हणजे ६० च्या आसपास दिसायला हवं. १२० दिसलं तर एका टोकाचा रेझिस्टर नाही, किंवा मधेच तार तुटलीय. ४० दिसलं तर कुणीतरी मधल्या ड्राइव्हवरचा (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या डब्यावरचा) रेझिस्टरचा छोटा स्विचही चालू करून ठेवलाय. जवळजवळ शून्य दिसलं तर दोन तारा कुठेतरी एकमेकींना चिकटल्यात. एका मोजणीत एवढं कळतं, आणि लॅपटॉप बॅगेतच राहतो.

तारा कुठे चिकटतात? स्क्रूच्या तोंडाशी. फेरूल (टोकावर दाबून बसवायची धातूची नळी) न लावता बारीक तारांची केबल तशीच पट्टीत खुपसलेली असते. त्यातली केसाएवढी एक तार बाहेर राहते आणि शेजारच्या स्क्रूला टेकते. कधी उलट होतं: इन्सुलेशन पुरेसं सोललेलंच नसतं, स्क्रू प्लॅस्टिकवर आवळला जातो, ओढून बघितलं तर घट्ट, पण आत तांब्याला तांबं लागलेलं नाही. यंत्राच्या थरथरीने असा जोड कधी लागतो, कधी सुटतो. शिवाय दोन तारांना ए आणि बी म्हणतात खरं, पण एका कंपनीचा ए तो दुसऱ्या कंपनीचा बी असतो. नवं उपकरण अजिबात बोलत नसेल तर दोन तारा अदलाबदल करून बघा. त्याने काही जळत नाही.

मधूनच जाणारा संपर्क सगळ्यात छळतो. तिथे मी एकच प्रश्न विचारतो: ‘दादा, तो जातो तेव्हा दुसरं काय चालू होतं?’ उत्तर येतं, ‘मोठा ब्लोअर.’ मग बघायचं की ड्राइव्हपासून मोटरकडे जाणारी पॉवर केबल आणि आपली पातळ केबल एकाच ट्रेमध्ये गळ्यात गळे घालून निघाल्यात का. ड्राइव्ह सेकंदाला हजारो वेळा व्होल्टेज तोडत-जोडत असतो, त्याचे झटके शेजारच्या तारेत उतरतात. दोन शेडचं अर्थिंग वेगवेगळं असेल तर आणखी एक भानगड: आरएस-४८५ ला उणे ७ ते अधिक १२ व्होल्टच्या बाहेरची तफावत सोसत नाही.

आणि मुंबईची हवा. जुलैत बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २६ अंशांच्या आसपास येतो. म्हणजे २६ पेक्षा थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरणार. पॅनेलचा एसी २२ वर लावलाय आणि बिघाड शोधायला दार सताड उघडलंय, तर आतल्या थंड इलेक्ट्रॉनिक कार्डावर बारीक थेंब जमतात, नेमके आपण तिथे उभे असताना. समुद्राकाठच्या भागात त्यात मीठही मिसळतं आणि कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात. आधी एसी बंद करावा, कार्डं बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावीत, मग दार उघडावं. कुणी करत नाही, घाई असते.

अजून एक तक्रार हमखास येते: ‘लाइन बंद नाही, पण सगळे आकडे उशिरा येतात.’ समजा वीस मीटर आहेत आणि प्रत्येकाच्या प्रश्नोत्तराला ५० मिलिसेकंद लागतात. पूर्ण फेरी एका सेकंदात होते. त्यातला एक मीटर मेला. मास्टर त्याची एक सेकंद वाट बघतो, तीनदा विचारतो, मग पुढे जातो. फेरी आता जवळपास चार सेकंदांची झाली. एकोणीस धडधाकट मीटर उगाच बदनाम होतात.

लॅपटॉप जोडायची वेळ आलीच तर भांडण बहुधा लॅपटॉपशीच असतं. या तारा लॅपटॉपला जोडणारा यूएसबी कन्व्हर्टर काल ज्या खाचेत होता त्याऐवजी आज दुसऱ्या खाचेत लावला की विंडोज बऱ्याचदा त्याला नवा कॉम पोर्ट क्रमांक देऊन मोकळं होतं, आणि सॉफ्टवेअर जुन्याच क्रमांकावर हाका मारत बसतं. कन्व्हर्टरवरचे दोन दिवे बघावेत. पाठवण्याचा लुकलुकतो आणि येण्याचा नाही, तर प्रश्न जातोय, उत्तर येत नाही. दोन्ही लुकलुकतात आणि तरी एरर आहे, तर उत्तर येतंय, पण गोंगाटाने बिघडलेलं, किंवा वर सांगितलेलं ‘नाही’.

इथरनेटवाल्या नव्या पीएलसीत वायरिंग सोपं झालं, भानगडी बदलल्या. दोन उपकरणांना एकच आयपी पत्ता दिला की कधी हा बोलतो, कधी तो. लॅपटॉप १९२.१६८.१ च्या घरात आणि पीएलसी १९२.१६८.० च्या, तर केबल कितीही चांगली असो, गाठ पडत नाही. पिंगला (‘आहेस का?’ एवढंच विचारणाऱ्या संदेशाला) उत्तर येतं पण सॉफ्टवेअर जोडत नाही, तर मधे फायरवॉल मॉडबसचं ५०२ क्रमांकाचं दार अडवून बसलीय का ते बघावं. गर्दीचाही त्रास असतो. १९ ऑगस्ट २००६ रोजी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात ब्राउन्स फेरी अणुवीजकेंद्राच्या तिसऱ्या युनिटमध्ये नेटवर्कवर फाजील संदेशांचा लोंढा आला. पाणी फिरवणाऱ्या पंपांचे ड्राइव्ह आणि एक पीएलसी त्यात गुदमरले, पंप थांबले आणि चालकांना अणुभट्टी हाताने बंद करावी लागली. बाहेरून कुणी हल्ला केल्याचं त्यात आढळलं नाही.

खरी भीती मात्र मला लाल पट्टीची वाटत नाही, ती न येण्याची वाटते. संपर्क तुटल्यावर पुष्कळ यंत्रणा शेवटचा आकडा तसाच धरून ठेवतात. टाकीची पातळी ६२ टक्के दिसत राहते, खाली टाकी भरून वाहत असते. यावर उपाय स्वस्त आहे: समोरच्या पीएलसीने दर सेकंदाला एक आकडा वाढवत राहायचं, आणि इकडच्याने तो बदलतोय का एवढंच बघायचं. पाच सेकंद बदलला नाही की संपर्क गेला असं समजायचं.

मग करायचं काय, हे मात्र सॉफ्टवेअर सांगत नाही. टाकी भरणारा पंप असेल तर थांबवणं बरोबर. पण मुंबईतल्या हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्हसारख्या पर्जन्यजल उदंचन केंद्रांचं काम बघा: भरतीच्या वेळी पावसाचं पाणी समुद्रात उपसायचं. अशा कामाचा पंप संपर्क गेला म्हणून थांबवणं चूक ठरेल. तो जागच्या फ्लोट स्विचवर (पाण्याच्या पातळीबरोबर वरखाली होणाऱ्या स्विचवर) चालत राहायला हवा. कुठला पंप थांबावा आणि कुठला चालावा, हे ज्याला जागेची माहिती आहे त्याने ठरवून ड्रॉइंगवर लिहून ठेवायचं असतं. आणि लिहिलंय तसं खरंच होतं का, हे बघायचं तर मे महिन्यात, दिवसपाळीत, सगळे हजर असताना, केबल आपणच उपटायची.