वनकुसवडे पवनऊर्जा प्रकल्प

सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यात, कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या वरच्या अंगाला असलेला पवनचक्क्यांचा मोठा समूह. पठाराची उंची सुमारे १,१५० मीटर. जवळच्या चाळकेवाडी व सडावाघापूरच्या पठारांवरही पवनचक्क्या आहेत. सडावाघापूरला पावसाळ्यात कड्यावरून पडणारे पाणी वारा पुन्हा वर उडवतो. हा ‘उलटा धबधबा’ पाहिला की पवनचक्क्यांसाठी हीच पठारे का निवडली, हे वेगळे सांगावे लागत नाही.

अशा प्रकल्पांच्या विश्वासार्हतेची चर्चा होते तेव्हा यंत्र आणि वारा यांची नेहमी गल्लत होते. नीट देखभाल झालेली पवनचक्की वर्षातील ९५ टक्क्यांहून अधिक काळ चालण्याच्या स्थितीत असते. खरी अडचण वाऱ्याची आहे. वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा झाला की शक्ती आठव्या हिश्शावर येते. म्हणूनच जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत वर्षाच्या विजेचा मोठा भाग तयार होतो. नेमके तेव्हाच शेतीपंप बंद असतात आणि राज्याची मागणी उतरलेली असते. ऑक्टोबरच्या उकाड्यात आणि उन्हाळ्यात मात्र वीज हवी असते आणि वारा पडलेला असतो. पावसाळ्यातल्या पवनविजेमुळे कोयनेचे वीजनिर्मितीचे पाणी पुढच्या महिन्यांसाठी राखता येते, हा तिचा फायदा फारसा मोजला जात नाही. तो मोजायला हवा.

आर्थिक गणित सुरुवातीला विजेपेक्षा करसवलतींवर उभे होते. यंत्राच्या किमतीचा मोठा भाग सुरुवातीलाच करपात्र नफ्यातून वजा करू देणाऱ्या ‘वेगवर्धित घसाऱ्या’च्या सवलतीमुळे पवनऊर्जेशी संबंध नसलेल्या कंपन्यांनीही पवनचक्क्या घेतल्या; यंत्र किती युनिट देते यापेक्षा ते मार्चअखेर, म्हणजे आर्थिक वर्ष संपण्याआधी, उभे राहते का, याला महत्त्व आले. त्यामुळे २००९ मध्ये केंद्राने प्रत्यक्ष निर्मितीवर युनिटमागे ५० पैसे प्रोत्साहन सुरू केले, हा बदल योग्य होता. पुढे वीज सर्वांत कमी दराने देणाऱ्याला कंत्राट देणारे लिलाव आले. पवनविजेच्या २०१७ च्या पहिल्या राष्ट्रीय लिलावात दर युनिटमागे ३ रुपये ४६ पैशांवर आला आणि त्याच वर्षअखेर गुजरातच्या लिलावात २ रुपये ४३ पैशांपर्यंत घसरला.

या दरांशी जुन्या, ३५० किलोवॅटच्या आसपासच्या, बुटक्या यंत्रांची बरोबरी होऊ शकत नाही. राज्यातील वाऱ्याच्या उत्तम जागा त्यांनीच अडवल्या आहेत. केंद्राने २०१६ मध्ये जुनी यंत्रे बदलण्याचे धोरण आणले. पण एक मोठी पवनचक्की बसवायची तर शेजारची अनेक लहान यंत्रे काढावी लागतात, आणि त्यांचे मालक वेगवेगळे असतात.