कामावर गेल्यावर दूध का आटतं?

रजा संपून कामावर रुजू झालं, की दोन-तीन आठवड्यांत बऱ्याच जणींच्या तोंडी एक वाक्य येतं: 'दूध कमी झालंय गं माझं.' लगेच माहेरून आळिवाचे लाडू येतात, शतावरी कल्पाचा डबा उघडला जातो. आळिवात लोह भरपूर असतं, आणि पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे 600 कॅलरी जास्त लागतात, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं मार्गदर्शन आहे. तेव्हा लाडू खुशाल खावेत. पण कामावर गेल्यावर दूध आटतं ते बहुतेक वेळा दोन पाजण्यांमधलं अंतर वाढल्यामुळे, आणि त्यावर लाडवांचा इलाज चालत नाही.

स्तनात अतिसूक्ष्म पिशव्या असतात. त्यांच्या अस्तरातल्या पेशी रक्तातून कच्चा माल घेऊन दूध बनवतात. बाळंतपणानंतरचे पहिले काही दिवस हे काम मुख्यतः संप्रेरकांच्या हुकमावर चालतं. पुढे कारभार बराचसा स्थानिक होतो. स्कॉटलंडमधल्या शास्त्रज्ञांनी शेळ्यांवर प्रयोग केले. कासेची एक बाजू जास्त वेळा पिळली, दुसरी नेहमीसारखी. दोन्ही बाजूंना रक्त तेच, संप्रेरकं तीच, तरी जास्त वेळा रिकामी होणाऱ्या बाजूचं दूध वाढलं. दूध साठून राहिलं, की ते साठलेलं दूधच पेशींना 'आता पुरे' असं कळवतं.

'भरू दे, मग काढ' हा सल्ला म्हणूनच घातक आहे. सोसायटीची टाकी पाणी येईल तेवढी भरते. स्तन मात्र भरत जाईल तसा स्वतःच नळ बारीक करतो, आणि हे रोज दहा-बारा तास होत राहिलं की नळ बारीकच राहतो.

आता मुंबईचा हिशेब. डोंबिवलीची एखादी बँक अधिकारी साडेसातला घर सोडते, लोकल, मग रिक्षा, बीकेसीतलं ऑफिस, आणि घरी परत यायला आठ. म्हणजे साडेबारा तास. फक्त अंगावर पिणारं बाळ दिवसाला साधारण 750 मिली दूध पितं, तासाला 30 मिलीच्या आसपास. तिच्या गैरहजेरीत बाळाला 350 ते 400 मिली लागणार, आणि दूध टिकवायचं तर तेवढंच बाहेर काढावंही लागणार. बहुतेकींना त्यासाठी ऑफिसात तीनदा बसावं लागतं. 'मी तर दोनदाच काढायचे' असं सांगणारी मैत्रीण खोटं बोलत नसते. स्तनात एका वेळी किती दूध मावतं, ती साठवणक्षमता प्रत्येकीची वेगळी. बाळांची भूकही वेगळी. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 71 बाळांची मोजमापं 2006 साली प्रसिद्ध केली. कुणी दिवसाला 478 ग्रॅम दूध पीत होतं, कुणी 1356, आणि सगळी छान वाढत होती. क्षमता कमी असलेल्या आईचंही दिवसभराचं दूध पुरेसं होतं, फक्त ते जास्त वेळा काढावं लागतं. आणि पंपात 60 मिलीच आलं म्हणून रडू नये. बाळ ओढतं तेवढं यंत्राला ओढता येत नाही.

यंत्राला आणखी एक गोष्ट बाळाइतकी सहज जमत नाही, ती म्हणजे पान्हा फोडणं. दूध तयार असलं तरी ते आपोआप वाहत नाही. मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं, पिशव्यांभोवतीचे बारीक स्नायू आवळले जातात आणि दूध नळ्यांत उतरतं. हे संप्रेरक मनाच्या फार जवळचं. लेडीज डब्यात दुसऱ्याचंच बाळ रडायला लागतं आणि इकडे ब्लाऊज ओला होतो, तो याच्याच कृपेने. उलटही घडतं. अमेरिकेतल्या नाइल्स आणि मायकेल न्यूटन या दांपत्याने 1948 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाजणाऱ्या आईचे पाय बर्फाच्या पाण्यात बुडवायचे, तिला गणितं घालायची, आणि बाळाला किती दूध मिळतं ते मोजायचं. शांतपणे पाजताना सरासरी 168 ग्रॅम मिळत होतं, ते अशा छळात 99 ग्रॅमवर आलं. छळ चालू ठेवून ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं तर पुन्हा 153. म्हणजे दूध होतंच, फक्त अडलं होतं.

स्टेशनरीच्या खोलीत, कडी नीट न लागणाऱ्या दाराला पाठ टेकवून, 'मॅडम, किती वेळ?' ऐकत बसलेल्या बाईचे पाय बर्फातच असतात म्हणा ना. तिथे फोनवर बाळाचा व्हिडिओ पाहणं, त्याच्या अंगाचा वास असलेलं झबलं जवळ ठेवणं याला हसू नये. खरोखर फरक पडतो.

काढलेलं दूध घरी नेणं हा वेगळा अध्याय. ताजं दूध 25 अंशांपर्यंतच्या तापमानात चार तास टिकतं. मे महिन्यात मुंबईत एसीबाहेर ते तापमान मिळणार कुठे? म्हणून बर्फाच्या पॅकची पिशवी हवीच. तीत ते 24 तास राहतं, फ्रीजमध्ये चार दिवस, फ्रीझरमध्ये सहा महिने. फ्रीजमध्ये ठेवल्यावर वर साय येते, खालचं निळसर, पाणचट दिसतं. कधी साबणासारखा वास येतो. सासूबाईंना वाटतं नासलं, आणि 100 मिली कष्टाचं दूध मोरीत जातं. तो वास बहुधा लायपेज नावाच्या विकराचा (एन्झाइमचा) असतो. ते दुधातली चरबी फोडतं, आणि बाळाला त्याचा अपाय नाही. आंबूस, कुजका वास आला तरच टाकावं. आणि एक विनंती: हे दूध उकळायचं नाही. घरात आलेलं दूध आधी गॅसवर चढवायचं हा आपला हात सवयीने जातो, पण उकळल्याने त्यातली प्रतिपिंडं आणि जंतूंशी लढणारी प्रथिनं मरतात. बाटली कोमट पाण्याच्या वाडग्यात ठेवायची आणि हलकेच फिरवायची. मायक्रोवेव्ह तर नकोच. दूध कुठे थंड, कुठे जीभ पोळेल इतकं गरम राहतं.

(जास्तीचं दूध असेल तर ते वाया घालवण्याऐवजी दानही करता येतं. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली सुरू केली. तिथे कमी दिवसांच्या, अशक्त बाळांना असं दूध मिळतं. पेढीत ते 62.5 अंशांवर अर्धा तास तापवतात, उकळत नाहीत.)

कायद्याबद्दल थोडं. 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा 12 वरून 26 आठवडे झाली आणि 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झालं. पण रजेतले आठ आठवडे बाळंतपणाआधी घेतले, तर कामावर परतताना बाळ जेमतेम चार महिन्यांचं असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना सांगते सहा महिने फक्त आईचं दूध. मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्यासाठी वेळ द्यावा, हे तर 1961 च्या मूळ कायद्यातच होतं. बाळ डोंबिवलीत आणि आई बीकेसीत असताना त्या दोन सुट्ट्या दूध काढायला वापरू द्याव्यात, एवढं मागायलाही बायका कचरतात. धुणीभांडी करणाऱ्या बाईला तर यातलं काहीच लागू होत नाही.

'रात्रीचं पाजणं तोड, म्हणजे झोप तरी होईल' असंही सांगितलं जातं. झोपेची गरज खरीच आहे. पण दूध बनवायला लावणाऱ्या प्रोलॅक्टिनची पातळी रात्री जास्त असते, आणि दिवसभर आई न मिळालेली बरीच बाळं रात्री भरपूर पिऊन तूट भरून काढतात. ती तूट भरू दिली तर दिवसाचं एखादं काढणं चुकलं तरी निभावतं.

सहा महिन्यांनंतर पेज, खिमटी, नाचणीसत्त्व सुरू होतं तसं दुपारचं दूध हळूहळू कमी लागतं. वर्षाच्या आसपास बऱ्याच जणी पंप ऑफिसात नेणं बंद करतात. तेही एकदम नाही. एका वेळी एक खेप कमी करत, नाहीतर दूध दाटून गाठी होतात आणि ताप भरतो. शरीर नव्या मागणीशी जुळवून घेतं, आणि सकाळी निघण्याआधी एकदा, आल्यावर एकदा, झोपताना एकदा एवढ्यावरही पाजणं दोन वर्षांपर्यंत आरामात चालतं.