गाडीतल्या सिमचे पैसे कोणी भरायचे? विजेच्या मोटारींमागचा जुना पेच

मोटारीला मोबाइल जाळ्याशी जोडून त्या सेवेची वर्गणी घेण्याची पद्धत अमेरिकेत १९९६ पासून आहे. अपघातानंतर मदत मिळवून देणे हा तिचा मूळ हेतू होता. २००८ च्या सुरुवातीला तिथले जुने ॲनालॉग जाळे बंद झाले आणि त्यावर विसंबलेल्या मोटारींची सेवा, मालक पैसे भरायला तयार असूनही, थांबली. युरोपने वेगळी वाट धरली. ३१ मार्च २०१८ पासून मान्यता घेणाऱ्या नव्या मॉडेलांत अपघाताची सूचना ११२ क्रमांकावर आपोआप देणारी यंत्रणा सक्तीची झाली आणि तिच्यासाठी मालकाकडून वर्गणी घेतली जात नाही.

आपल्याकडे याची सुरुवात खासगी मोटारींपासून झाली नाही. नोव्हेंबर २०१६ च्या अधिसूचनेने बस, टॅक्सी अशा सार्वजनिक वाहनांत स्थानदर्शक उपकरण आणि आपत्कालीन बटण सक्तीचे केले; मुदत पुढे सरकत अखेर १ जानेवारी २०१९ पासून नव्या वाहनांना ते लागू झाले. त्याचे मानक ठरवणाऱ्या समितीचे कामकाज पुण्यातूनच चालते. सुरक्षा प्रवाशाची, देखरेख सरकारची आणि उपकरणातल्या सिमच्या नूतनीकरणाचा खर्च वाहनमालकाचा, ही विभागणी तेव्हाच रुळली. खासगी मोटारींच्या बाबतीत पुढे जे झाले त्याचे मूळ मला इथे दिसते.

त्याहून महत्त्वाचा निर्णय २०१८ मधला आहे आणि त्याची चर्चा फारच थोडी झाली. यंत्रांत बसवायच्या सिमसाठी त्या वर्षी तेरा आकडी क्रमांक आले आणि मे महिन्यात नियमही ठरले. कॉल आधी नेमून दिलेल्या क्रमांकांपुरते आणि डेटा नेमून दिलेल्या पत्त्यांपुरता राहील, असे बंधन आले. सिम हे, यंत्रामार्फत सेवा देणाऱ्या कंपनीच्या नावावर निघेल आणि ज्याच्या ताब्यात यंत्र आहे त्याची नोंद त्या कंपनीने ठेवायची, असे ठरले. सुरक्षेच्या दृष्टीने हे सावध पाऊल होते, यात शंका नाही. मात्र त्याचा परिणाम असा झाला की, मोटारीचा मालक त्या सिमचा ग्राहक उरलाच नाही. मोबाइलधारकाला जानेवारी २०११ पासून देशभर क्रमांक न बदलता कंपनी बदलता येते; मोटारीच्या मालकाला ती सोय नाही, कारण सिम त्याच्या नावावर नाही आणि गाडीतल्या सर्किट बोर्डवर पक्के बसवलेले असल्याने काढताही येत नाही. ज्याचे नाव नाही त्याने बिल भरायचे आणि दर मात्र दुसऱ्याने ठरवायचा, ही रचना ग्राहकाच्या बाजूची नाही.

२०१९ मध्ये मोबाइल जाळ्याशी जोडलेल्या खासगी मोटारींची लाट आली आणि जानेवारी २०२० मध्ये विजेवरच्या दोन मोटारी काही दिवसांच्या अंतराने बाजारात उतरल्या. त्यांपैकी एक पुण्याजवळ रांजणगावला तयार होत होती. काही वर्षे जोडणी मोफत, असे या काळात जाहिरातींत सांगितले जाई. तो खर्च अर्थातच गाडीच्या किमतीत धरलेला होता. ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या वाहनांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला होता. मुदत संपल्यावर तीच जोडणी स्वतंत्र सेवा म्हणून घेताना मात्र १८ टक्के कर लागतो. करसवलतीचा गाजावाजा झाला, पण हा पुढचा फरक शोरूममध्ये कोणी समजावून सांगत नाही.

जोडणी संपली तरी गाडी चालते. बंद पडते ते मोबाइलवरून दिसणारे चार्जिंग, गाडीचे ठिकाण आणि बसण्यापूर्वी वातानुकूलन सुरू करण्याची सोय, जिची किंमत मे महिन्यातल्या दुपारी उघड्यावर गाडी लावणाऱ्यालाच कळते. कोथरूड-बाणेरच्या सोसायट्यांत तळघरात रेंज नसल्याने पैसे भरूनही ॲपवर चार्जिंगचा रात्रीचाच टक्का सकाळपर्यंत तसाच दिसतो, ही वेगळी तक्रार.

खरा वाद आहे तो बॅटरीच्या माहितीवरून. सेलचे तापमान, चार्जिंगच्या सवयी, जलद चार्जिंग किती वेळा झाले, ही माहिती याच जोडणीवरून कंपनीकडे जाऊ शकते. पुढच्या मॉडेलची आखणी करताना आणि वॉरंटीचा दावा तपासताना ती उपयोगी पडते. बॅटरीची वॉरंटी अनेक मोटारींवर आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर अशी आहे, मोफत जोडणी मात्र अनेकदा त्याआधीच संपते. माझ्या मते, वॉरंटी चालू असेपर्यंत बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या जोडणीचा खर्च उत्पादकानेच सोसावा. नकाशे, गाणी आणि दूरनियंत्रण यांची वर्गणी मालकाने हवी तर भरावी. सध्या हे दोन्ही एकाच पॅकेजमध्ये बांधलेले असतात आणि त्यामुळे कशाचे पैसे आपण भरतो, हे मालकाला वेगळे काढता येत नाही.

आता त्या पहिल्या मोटारी जुन्या गाड्यांच्या बाजारात येत आहेत आणि पेच आणखी वाढला आहे. आरटीओत नाव बदलते, पण ॲपवरचे खाते आणि सिमच्या नोंदीतले नाव त्यासोबत आपोआप बदलत नाही. उरलेली वर्गणी नव्या मालकाला मिळते की संपते, हे कंपनीच्या अटींवर अवलंबून राहते. मार्च २०२४ मध्ये दूरसंचार नियामकाने यंत्रांतील ई-सिमबाबत, म्हणजे आतच पक्क्या बसवलेल्या सिमबाबत, शिफारशी केल्या, त्यांचा भर उत्पादक, सेवादाते आणि दूरसंचार कंपन्या यांच्यातील व्यवहारावर होता. पैसे भरणाऱ्या मालकाचा हक्क कोणता, हा प्रश्न तिथेही मध्यभागी आला नाही.