निराधार वृद्ध व दिव्यांगांचे समाजकार्य (ग्रामीण विदर्भ)

वय, आजार किंवा अपंगत्व यांमुळे स्वतःचे पोट, औषधपाणी आणि मालमत्ता एकट्याने सांभाळता येत नाही, अशा अठरा वर्षांवरील माणसांना आधार देणे आणि घरच्यांकडून वा गावाकडून होणाऱ्या छळापासून त्यांना वाचवणे, हे या समाजकार्याचे क्षेत्र आहे. नागपूर आणि अमरावती या महसुली विभागांतल्या अकरा जिल्ह्यांच्या खेड्यापाड्यांत हे काम कसे चालते, एवढाच या नोंदीचा आवाका आहे.

या कामासाठी गावात नेमलेला माणूस नाही. बालकांसाठी जिल्हा बाल संरक्षण कक्ष, बालकल्याण समिती आणि १०९८ हा क्रमांक आहे. घरात मार खाणाऱ्या स्त्रीसाठी कायद्याने संरक्षण अधिकारी नेमलेला आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, पण लेकरांसाठी अंगणवाडी सेविका गावातच असते तसे या माणसांसाठी कुणी नसते. त्यामुळे हे काम आशा सेविका, पोलीस पाटील, कोतवाल, एखादा ग्रामपंचायत सदस्य, समाजकार्य महाविद्यालयाचे क्षेत्रकार्याला आलेले विद्यार्थी आणि तालुक्याच्या ठिकाणी अर्ज भरून देणारा ओळखीचा माणूस यांच्यात वाटले गेले आहे. त्यातल्या कुणाच्याही कामाच्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर नाही.

कोण आणि का

२०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठीपुढच्यांचे प्रमाण ९.९ टक्के होते आणि दिव्यांगांची संख्या २९ लाखांवर. खेड्यात यातली अनेक माणसे एकाच छपराखाली सापडतात. कोरडवाहू कापूस-सोयाबीनवर भागत नाही म्हणून धाकली पिढी पुणे, नागपूर, हैदराबाद धरते. घरी उरतात सत्तरीतले आईवडील आणि त्यांचे ‘लेकरू’, ज्याचे वय चाळीस असते आणि ज्याला अजून आंघोळ घालावी लागते.

त्याखेरीज काही कारणे या मातीतली आणि पाण्यातली आहेत. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांच्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. वर्षानुवर्षे ते पिऊन पाठीचा कणा व सांधे ताठरतात आणि माणूस पन्नाशीतच वाकतो. पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत तो मोडतो. याउलट अकोला, बुलढाणा आणि अमरावती जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथे जमिनीतले पाणी खारट आहे तिथे, मूत्रपिंडाच्या विकाराने माणसे खंगतात, पण तो विकार या २१ प्रकारांत नाही. डायलिसिसवरचा माणूस कामाला जाऊ शकत नाही हे सारा गाव पाहतो, तरी त्या विकाराच्या नावाने प्रमाणपत्र निघत नाही.

शेतकरी आत्महत्येनंतर पात्र ठरलेल्या कुटुंबाला राज्य शासन १ लाख रुपये देते. ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीच्या रूपात. ही मदत वारसाच्या, बहुधा पत्नीच्या, नावे होते. त्याच घरातल्या म्हाताऱ्या आईवडिलांचा वेगळा विचार त्यात नाही. सून माहेरी गेली की त्यांच्याकडे जमीन राहते, पण ती कसणारे हात राहत नाहीत.

परंपरा

विदर्भात या कामाची परंपरा मोठी आहे. शेंडगावचे गाडगे महाराज (१८७६–१९५६) कीर्तनात आणि धर्मशाळांत आंधळ्या-पांगळ्यांना अन्नवस्त्र देण्याचा आग्रह धरीत. मनोहर दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरचे कुष्ठधाम सुरू केले. अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन उभे राहिले. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापली आणि तिच्यातून वरोऱ्याचे आनंदवन वाढले. पुढे तिथे अंध, मूकबधिर आणि अस्थिव्यंग असलेल्यांचीही सोय झाली.

यांतली संस्थांची कामे कुष्ठरोग्यांपासून सुरू झाली. गावाने बाहेर काढलेल्या माणसाला गावाबाहेर वसवायचे, हाताला काम द्यायचे, मान द्यायचा, असा त्यांचा साचा होता आणि त्या काळात तोच शक्य होता. पण त्याचा एक परिणाम अजून टिकून आहे. दुबळ्या माणसाची सोय म्हणजे संस्था, असेच लोक धरून चालतात. माणसाला त्याच्याच घरात, त्याच्याच ओसरीवर नीट जगता यावे यासाठीचे काम त्या मानाने मागे पडले. राज्य शासनाने १९९५ साली सुरू केलेली मातोश्री वृद्धाश्रमांची योजनाही संस्थेच्याच वाटेने गेली.

निराधारचा पगार

प्रत्यक्षात या समाजकार्याचा निम्म्याहून अधिक वेळ एका गोष्टीत जातो, ती म्हणजे मासिक अनुदान. गावात त्याला सरळ ‘पगार’ म्हणतात. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० सालची. तिच्यात ६५ वर्षांखालच्या निराधार विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजाराचे रुग्ण आणि किमान ४० टक्के अपंगत्व असलेले येतात. पासष्टीपुढच्यांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना आहे. दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव असेल तर इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तीवेतनाचा केंद्राचा वाटा तिला जोडला जातो. केंद्राचा हा वाटा वयाच्या ऐंशीपर्यंत दरमहा २०० रुपये आणि पुढे ५०० रुपये आहे. बाकीची भर राज्य घालते. राज्याने एकूण रक्कम २०१९ मध्ये ६०० वरून १,००० आणि २०२३ मध्ये १,५०० रुपये केली. दिव्यांगांसाठी ती २०२५ मध्ये २,५०० झाली. त्याआधी, जून २०२५ मध्ये, माजी आमदार बच्चू कडू यांनी गुरुकुंज मोझरी येथे उपोषण केले होते. दिव्यांगांचे मानधन वाढवणे ही त्यातली एक मुख्य मागणी होती.

रकमेपेक्षा अवघड आहे ती पात्रता. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवे. दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५० हजार आहे. महिन्याला पावणेदोन हजारांत कोणते कुटुंब चालते, हे दाखला देणाऱ्यालाही ठाऊक असते आणि मागणाऱ्यालाही. म्हणून उत्पन्नाचा दाखला हा सचोटीपेक्षा ओळखीचा विषय होऊन बसतो. ज्याची कुणाशी ओळख नाही, तो नियमाने बाद होतो. दुसरी फट वयाची. बासष्ट वर्षांचा, धडधाकट दिसणारा, पण निंदणाला वा फवारणीला कुणी न बोलावणारा भूमिहीन मजूर या योजनांत कुठेच बसत नाही. त्याच वयाची विधवा बसते.

अर्ज तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत जातो, तालुका समितीपुढे मंजूर होतो, आणि मग खरी कसरत सुरू होते. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. खाते आधारशी जोडलेले हवे, कारण आता पैसे थेट खात्यात येतात. आयुष्यभर कापूस वेचून, विळा धरून बोटांच्या रेषा पुसल्या गेलेल्या असतात. गावात बँकेचे व्यवहार करून देणाऱ्या बँक मित्राच्या यंत्रावर अंगठा उमटत नाही. आधारवरचे वय आणि शाळेच्या दाखल्यावरचे वय जुळत नाही. बरेचदा शाळेचा दाखलाच नसतो. पैसे थांबले की ते का थांबले हे म्हाताऱ्या माणसाला कुणी सांगत नाही, तो फक्त दर महिन्याला बँकेत चक्कर मारतो. अनुभवी कार्यकर्ता अशा वेळी नवा अर्ज भरत नाही. तो आधी पासबुक भरून आणतो, शेवटचा हप्ता कोणत्या महिन्याचा ते बघतो आणि त्या महिन्यापासून मागे शोध घेतो.

पगार सुरू झाला म्हणजे तो म्हातारीच्या हाती पडतोच असे नाही. खाते तिचे, पासबुक लेकाच्या खिशात. बँकेत तोच घेऊन येतो, अंगठा तिचा लागतो, नोटा तो मोजतो. दारूचे व्यसन असलेल्या घरात महिन्याचा तो दिवस भांडणाचा ठरलेला. वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे, पण बंदीने हा प्रश्न संपलेला नाही. इथे समाजकार्यकर्त्याला कायद्यापेक्षा शेजारणीचा उपयोग जास्त होतो. बँकेत सोबत लेकाऐवजी आशाताई किंवा बचत गटातली बाई गेली, की महिन्याच्या गोळ्या त्याच फेरीत विकत घेतल्या जातात.

प्रमाणपत्राचा प्रवास

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि स्वावलंबन कार्ड हे दिव्यांगांचे ओळखपत्र यांशिवाय दिव्यांगांसाठीचे कोणतेच दार उघडत नाही. तपासणी ठरावीक वारी, मुख्यतः जिल्ह्याच्या रुग्णालयात होते. सिरोंच्याहून गडचिरोली सुमारे २०० किलोमीटर आहे. धारणीच्या माणसाला अमरावती गाठायला अख्खा मेळघाट उतरावा लागतो. एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे, पण ती दाखवायला कार्ड लागते आणि कार्डासाठीच तर प्रवास असतो. सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते ती वेगळी. अस्थिरोगतज्ज्ञ त्या दिवशी रजेवर निघाला, तर सारे पुन्हा. तालुक्याला शिबिर लागले तर हा खर्च वाचतो. म्हणून शिबिराची तारीख वेळेत गावात पोचवणे हेच इथे मोठे काम मानले जाते.

घरातला छळ आणि जमीन

मारहाणीपेक्षा उपासमार, औषध न आणणे, वेगळी चूल मांडायला लावून गोठ्याच्या कडेला झोपवणे हे प्रकार जास्त दिसतात, आणि त्यांच्या मुळाशी बहुतेकदा सातबारा असतो. बापाच्या हयातीत शेत लेकांच्या नावे होते, आणि मग जेवणाची पाळी कुणाची यावर सुनांमध्ये वाद लागतो.

आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा २००७चा. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१० मध्ये केले. उपविभागीय अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालचे न्यायाधिकरण दरमहा १० हजारांपर्यंत निर्वाहखर्च ठरवून देऊ शकते. अपत्य नसेल तर ज्याला मालमत्ता मिळणार त्या नातेवाइकावरही जबाबदारी येते. अर्ज स्वतः वृद्धाने, त्याने नेमलेल्या व्यक्तीने वा नोंदणीकृत संस्थेने करता येतो. म्हाताऱ्याला टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

कलम २३ सर्वांत महत्त्वाचे. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास, परत मिळवता येते. अडचण ‘अटीवर’ या शब्दाशी येते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सुदेश छिकारा खटल्यात अशी अट असल्याचे दाखवणे आवश्यक मानले. जानेवारी २०२५ मध्ये ऊर्मिला दीक्षित खटल्यात कायद्याचा हेतू पाहून उदार अर्थ लावला. खेड्यात बक्षीसपत्र लिहिताना अट कुणी घालत नाही, कारण पोटच्या लेकाला अट घालणे लाजिरवाणे वाटते. दस्त होण्याआधी एक ओळ वाढवून घ्या, हे सांगणारा माणूस वेळेवर भेटला तर पुढचे सारे टळते. दस्त झाल्यावर भेटला, तर बहुतेक वेळा म्हातारीच मागे सरते : ‘पोराचं नाव नोका टाकू भाऊ, त्याले पोलीस नेतीन.’ अशा वेळी तक्रार रेटणारा कार्यकर्ता फार टिकत नाही. जावयाला, मामाला किंवा भजनी मंडळातल्या वडीलधाऱ्याला मध्ये घालून धान्याची पोती आणि महिन्याचे पैसे कागदावर लिहून घेणे, आणि तो कागद पोलीस पाटलाकडे ठेवणे, ही इथली चालती रीत आहे. ती अपुरी आहे, कारण सुनेचा वा मधल्या लेकाचा मूड फिरला की कागदाला कुणी विचारत नाही. तरी या रीतीने म्हातारीचे जेवण लवकर सुरू होते.

दिव्यांगांच्या छळासाठी २०१६च्या कायद्याचे कलम ७ आहे. कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला, म्हणजे बहुधा तहसीलदाराला, कळवू शकतो आणि तो माणसाला तिथून सोडवण्याचा आदेश देऊ शकतो. गावपातळीवर हे कलम कुणाच्या फारसे तोंडी नाही. मनोरुग्णाला साखळीने बांधणे २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने निषिद्ध आहे, पण घरचे बांधतात ते पुष्कळदा क्रौर्याने नव्हे. दोघेही शेतावर जातात आणि मागे कुणी नसते. गोळ्या सुरू झाल्याशिवाय साखळी सोडा म्हणणे फुकट जाते.

जादूटोण्याचा आळ

हा धोका घराबाहेरून येतो आणि एकट्या म्हाताऱ्या माणसांवर, त्यातही बायांवर, लवकर बेततो. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातील वणी (खुर्द) येथे जादूटोण्याच्या संशयावरून वृद्धांसह अनेकांना भर चौकात बांधून मारले गेले. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात सहा महिने ते सात वर्षे कैदेची तरतूद आहे. श्याम मानव यांची नागपूरस्थित अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती १९८०च्या दशकापासून या प्रश्नावर काम करते. गुन्हा नोंदवल्यावरही पीडिताला त्याच गल्लीत राहायचे असते. पाणी भरायला कोणत्या विहिरीवर जायचे, किराणा कोण देणार, ही तजवीज कायद्यात नाही. ती कुणीतरी गावात बसून करावी लागते.

अठरानंतर

बालगृहातले मतिमंद मूल अठराचे झाले की नियमाने बाहेर पडते. परतवाड्याजवळच्या वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना वाढवले, त्यांना आपले नाव लावले, लग्ने लावली. अठरा वर्षांवरील बेवारस दिव्यांगांना संस्थेतच राहू देणारा कायदा व्हावा, ही त्यांची अनेक वर्षांची मागणी आहे. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. रस्त्यावरच्या बेघर मनोरुग्णांसाठी चिखली तालुक्यातल्या पळसखेड सपकाळ येथील सेवासंकल्प प्रतिष्ठान काम करते.

घरी राहणाऱ्यांपुढेही अठराचा प्रश्न असतो. मतिमंद, स्वमग्न, सेरेब्रल पाल्सी वा बहुविकलांग व्यक्ती सज्ञान झाली की आईवडील तिचे कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालक नेमते. वारसाहक्काची जमीन किंवा बँकेतली ठेव अडेपर्यंत बहुतेक घरांना याची गरज कळत नाही, आणि कळते तेव्हा आई सत्तरीला आलेली असते. म्हणून अर्जात दुसरे नाव पुतण्याचे की भाचीचे, हा प्रश्न आधी घरात सोडवावा लागतो. पुतण्या सातबाऱ्यावर हिस्सेदार असतो. भाची परगावी नांदते.

पाच टक्के

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करायची असते. विदर्भातल्या लहान ग्रामपंचायतीची घरपट्टीच थकलेली असते, त्यामुळे हातात येणारी रक्कम किरकोळ निघते आणि ती सहसा समान वाटून टाकली जाते, म्हणजे प्रत्येकाला काहीशे रुपये. काही ठिकाणी ग्रामसभेत नावे वाचून, ज्याला खरोखर कमोडची खुर्ची किंवा चाकाची खुर्ची लागते त्यालाच ती घेऊन देतात. अशी यादी ठरवताना वाद होतात, आणि समान वाटप सरपंचाला सोयीचे असते.