पहाटेची नाडी

ऑक्टोबर उजाडला की आमच्या धावणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आव्हानं सुरू होतात. जानेवारीत मुंबईची मॅरेथॉन असते, तिचा सराव म्हणून. गेल्या वर्षीचं आव्हान होतं शंभर दिवस रोज पळायचं, एकही खाडा नाही. ताप असला तरी दोन किलोमीटर, घरात लग्न असलं तरी दोन किलोमीटर. चौसष्टाव्या दिवशी गटातला एक मित्र मला म्हणाला, "रोज पळतोय, तरी वेग कमी होत चाललाय. रात्री तीनला जाग येते ती परत डोळा लागतच नाही." त्याचं निदान तयार होतं: मेहनत कमी पडतेय. म्हणून त्याने संध्याकाळची जिमही लावली होती.

हा लेख त्या निदानामुळे लिहितोय, कारण असं समजणारे फार जण आहेत आणि ते सगळे कष्टाळू आहेत. आळशी माणसाला हा अतिव्यायामाचा आजार होत नाही.

व्यायाम करताना शरीर कमकुवत होत असतं. स्नायूंचे तंतू सूक्ष्म पातळीवर फाटतात, स्नायूंमध्ये साठवलेलं चारपाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, खर्ची पडतं. शरीर घडतं ते नंतर, जेवताना आणि झोपेत, आणि घडताना आधीपेक्षा किंचित जास्त मजबूत घडतं. सगळा फायदा त्या 'किंचित'मध्ये आहे. डागडुजी पुरी व्हायच्या आत पुन्हा तोडफोड केली, की तो किंचित हाती येत नाही. (दुसऱ्या दिवशी पाय दुखतात ते लॅक्टिक आम्ल साचल्यामुळे, असं अजूनही कोच मंडळी सांगतात. ते खरं नाही. लॅक्टेट तासाभरात निघून जातं. दुखतात ते फाटलेले तंतू. उतरताना ते जास्त फाटतात, म्हणून साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात चढण्यापेक्षा उतरणं मांड्यांना जास्त महागात पडतं.)

1936 साली हान्स सेल्ये या संशोधकाने 'नेचर'मध्ये एक छोटं पत्र लिहिलं. उंदरांना त्याने थंडी, जखम, विषारी औषधं असे वेगवेगळे त्रास दिले होते आणि त्या यादीत अतिश्रमही होते. त्रास कुठलाही असो, शरीराचा प्रतिसाद सारखाच होता: आधी धक्का, मग जुळवून घेणं, आणि त्रास चालूच ठेवला तर एक ते तीन महिन्यांत सगळी प्रतिकारशक्ती ढासळणं. चौसष्टावा दिवस म्हणजे दोन महिने.

मित्राच्या मनगटावर महागडं घड्याळ होतं. त्यात तो रोज किलोमीटर बघायचा, नाडी कधी बघितली नव्हती. आम्ही मागे जाऊन पाहिलं. सप्टेंबरात पहाटेची नाडी मिनिटाला 54 होती, डिसेंबरात 63. हे नऊ ठोके कुठून आले, ते मला जरा सविस्तर सांगायचंय.

हृदयाला मेंदूच्या हुकमाची गरज नसते. त्याच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका आहे, तोच ठोके ठरवतो. या पुंजक्याला एकटं सोडलं तर तो मिनिटाला साधारण 100 ठोके देतो. ज्यांना दुसऱ्याचं हृदय बसवलेलं असतं, त्यांच्या नव्या हृदयाच्या चेता कापलेल्या असतात, आणि त्यांची बसल्याजागची नाडी खरोखरच शंभरच्या आसपास राहते. मग तुमची माझी नाडी सत्तर कशी? तर व्हेगस नावाची चेता दिवसरात्र ब्रेक दाबून असते. लॅटिनमध्ये व्हेगस म्हणजे भटकी. मेंदूच्या बुंध्यातून निघून ती गळा, हृदय, फुप्फुसं, आतडी असं फिरत जाते. शाळेत शरीराला शांत करणारी परानुकंपी चेतासंस्था शिकलो, तिचा हा मुख्य रस्ता.

हा ब्रेक रासायनिक आहे हे ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने सिद्ध केलं. प्रयोग त्याला स्वप्नात सुचला होता. पहिल्या रात्री त्याने अर्धवट झोपेत टिपण केलं, सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पडल्यावर तो पहाटे तीनला उठून थेट प्रयोगशाळेत गेला. बेडकाचं एक हृदय मिठाच्या पाण्यात धडधडत होतं. त्याची व्हेगस चेतवल्यावर ते मंदावलं. ते पाणी त्याने चेता काढून टाकलेल्या दुसऱ्या हृदयावर सोडलं, तर तेही मंदावलं. म्हणजे पाण्यात काहीतरी उतरलं होतं. ते होतं अ‍ॅसिटिलकोलिन. 1936 सालीच, सेल्येचं पत्र आलं त्या वर्षी, लोवीला हेन्री डेलबरोबर नोबेल मिळालं.

आता पेशीच्या आत जाऊ. त्या पुंजक्यातल्या पेशी कधीच स्वस्थ बसत नाहीत. प्रत्येक ठोक्यानंतर पेशीच्या पडद्यावरचा विद्युतदाब सुमारे उणे 60 मिलिव्होल्टपर्यंत उतरतो आणि लगेच हळूहळू वर चढू लागतो. उणे 40 च्या आसपास पोचला की पुढचा ठोका पडतो. ही चढण जितकी उभी, तितकी नाडी जलद. व्हेगसचं अ‍ॅसिटिलकोलिन पोटॅशियमच्या वाहिन्या उघडतं, धनभार बाहेर पळतो, दाब आणखी खालून निघतो आणि चढण सपाट होते. शरीराला धावपळीसाठी तयार करणाऱ्या अनुकंपी चेतांचं नॉरअ‍ॅड्रेनॅलिन बरोबर उलटं करतं. यात एक मोठा फरक आहे. व्हेगसचा परिणाम एका ठोक्याच्या आत होतो आणि तितक्याच चटकन विरतो. अनुकंपीला चढायला काही सेकंद लागतात आणि उतरायलाही वेळ जातो. त्यामुळे दोन ठोक्यांमधलं अंतर क्षणाक्षणाला कमीजास्त होताना दिसलं, तर ते काम बहुतांशी व्हेगसचंच.

हे बोटांनी कळतं. आत्ता डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी उजव्या हाताची दोन बोटं ठेवा. पाच मोजत श्वास घ्या, पाच मोजत सोडा. श्वास घेताना ठोके जवळ येतात, सोडताना लांबतात. हा दोष नाही, निरोगी व्हेगसची खूण आहे. घड्याळं ज्याला 'एचआरव्ही' म्हणतात ते हेच.

विश्रांतीविना ताण चालू राहिला की अनेकांत व्हेगसची पकड ढिली पडते आणि अनुकंपी रात्रीसुद्धा जागी राहते. मित्राचे नऊ ठोके आणि रात्री तीनची जाग मला एकाच कारणाच्या दोन बाजू वाटल्या. पण एवढ्यावर निदान होत नाही. रात्रीचं जागरण, दारू, उन्हाळा, येऊ घातलेला ताप, कशानेही नाडी वाढते. आणि लांब पल्ल्याच्या काही धावपटूंमध्ये तर अतिव्यायामाने उलट ती घसरते. एका सकाळच्या आकड्याने घाबरू नका, आठवड्याचा कल बघा. त्याच्या जोडीला झोप बिघडलीय का, चिडचिड वाढलीय का, भूक गेलीय का, पायऱ्या चढताना मांड्या शिशासारख्या जड लागतात का, हे बघा. 2013 साली युरोपच्या क्रीडाविज्ञान आणि अमेरिकेच्या क्रीडावैद्यक संस्थांनी मिळून निवेदन काढलं, त्यातही या आजाराची एकच एक चाचणी दिलेली नाही. आधी रक्तक्षय, थायरॉइड, एखादा संसर्ग नाही ना हे डॉक्टरांकडून तपासून घ्यायचं. व्यायामानंतर लघवी कोकाकोलासारखी गडद झाली तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठा. स्नायू विरघळून त्यांचं प्रथिन मूत्रपिंडात उतरल्याची ती खूण असते.

बायकांच्या बाबतीत एक गोष्ट सगळ्यात आधी बोलते: पाळी. व्यायाम वाढला, खाणं तेवढंच राहिलं, की शरीर पहिली काटकसर तिथे करतं. "बरं झालं, कटकट गेली" असं धावणाऱ्या मैत्रिणींच्या तोंडून ऐकलं की मला काळजी वाटते, कारण त्यामागोमाग हाडं ठिसूळ होतात. तालमीत जोर-बैठकांइतकाच खुराकाला मान असतो. तो आपण विसरलोय.

आणि घामाबद्दल. अंगात प्लॅस्टिकचं जाकीट घालून टेकडी चढणारे लोक "विष बाहेर पडतं" म्हणतात. घामात पाणी आणि मीठ असतं. विषाचं काम यकृत आणि मूत्रपिंडं बघतात. घाम जास्त गाळल्याने व्यायाम जास्त होत नाही, फक्त पाणी कमी होतं. रथसप्तमीला वर्षातून एकदाच उठून 108 सूर्यनमस्कार घालण्यात श्रद्धा असेल, पण स्नायूंना मुहूर्त कळत नाही. बाराने सुरुवात करून महिन्याभरात चढवत न्या.

मित्राचं रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. आव्हान त्याने सदुसष्टाव्या दिवशी सोडलं. गटावर तसं लिहायला त्याला दोन दिवस लागले. फक्त चालणं, दुपारच्या जेवणात एक भाकरी जास्त, साडेनऊला दिवे बंद. पहिले आठ दिवस आकडा 63 वरून हललाच नाही. "काही उपयोग नाही" म्हणून तो बूट घालून दारापर्यंत गेला होता, बायकोने परत बसवलं. अकराव्या दिवशी 60. नाताळात 57. जानेवारीत त्याने पूर्ण मॅरेथॉनचा हट्ट सोडला आणि पेडर रोडच्या चढावर आम्हाला पाणी द्यायला उभा राहिला. त्या पहाटे त्याची नाडी 55 होती. बाटली हातात देताना पहिलं तेच सांगितलं.