आधी डोळा शोधा, मग झाडाचं नाव

झाड ओळखायला फूल लागतं, या समजुतीपायी बरेच जण वर्षभर खोळंबून राहतात. पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो, बहावा एप्रिल-मेमध्ये. उरलेले महिने मग ही झाडं अनोळखीच. पान मात्र बराच काळ हाताशी असतं आणि पानगळीतही फांदी कुठे जात नाही. म्हणून सुरुवात फांदीच्या टोकाकडच्या वीतभर भागापासून करावी.

पहिला प्रश्न असा की, समोर आहे ते अख्खं पान की पानाचा एक भाग? नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला याचं उत्तर शिकवावं लागत नाही. काडीवर पानाच्या देठाच्या बगलेत डोळा, म्हणजे नव्या फुटीचा अंकुर, असतो आणि छाटणीनंतर तोच फुटतो. बाकीच्या झाडांचंही तसंच. हिरव्या पात्याच्या देठाच्या बुडाशी डोळा असेल तर ते पान. नसेल तर ती पर्णिका, म्हणजे पानाचा एक भाग, मग देठ धरून डोळा सापडेपर्यंत फांदीकडे मागे यायचं. कडुनिंबाचं पान म्हणून आपण जे खुडतो ती पर्णिकाच असते, खरं पान वीतभर किंवा त्याहून लांब. डोळा बारीक असतो, त्यामुळे दहापट मोठं दाखवणारं भिंग जवळ असलेलं बरं.

एवढं जमलं की नर्सरीतला नेहमीचा घोळ सुटतो. अशोक मागितला की बहुधा तो उंच, सरळसोट, लांब नागमोडी कडांच्या पानांचा अशोक हातात पडतो. त्याचं पान साधं, देठाच्या बुडाशीच डोळा. सीताअशोकाचं पान संयुक्त असतं. एका दांड्यावर पर्णिकांच्या चार ते सहा जोड्या आणि कोवळी पालवी तांबूस, मरगळल्यासारखी खाली लोंबणारी. दोन्ही झाडं वेगवेगळ्या कुळांतली आहेत.

दुसरा प्रश्न पानांच्या मांडणीचा. एका पेरावर, म्हणजे फांदीवर पान फुटतं त्या सांध्यावर, दोन पानं समोरासमोर, की एकाआड एक? गुलमोहर आणि नीलमोहर यांची पिसासारखी पानं लांबून सारखीच दिसतात. फांदी खाली वाकवून पाहिली की गुलमोहराची एकाआड एक निघतात, नीलमोहराची समोरासमोर. सोनमोहरही एकाआड एकच, पण त्याच्या कोवळ्या शेंड्यांवर गंजाच्या रंगाची लव असते आणि चपट्या तांबूस शेंगा झाडावर बराच काळ टिकतात. गुलमोहराची शेंग मात्र लाकडी तलवारीसारखी, जवळजवळ अर्धा मीटर लांब.

कडुनिंब आणि बकाणनिंब यांची गल्लत तर रोजची. कडुनिंबाचं पान एकदाच विभागलेलं, पर्णिका कोयत्यासारख्या वाकड्या. बकाणनिंबाचं पान दोन-तीनदा विभागलेलं, फुलं फिकट जांभळी आणि पानं गळाल्यावरही पिवळसर गोल फळांचे घोस झाडावर लटकलेले. ही फळं विषारी आहेत, तेव्हा चव घेऊन ओळखण्याचा मोह नको.

बागेतल्या झुडपांना तिसरी परीक्षा उपयोगी पडते, ती म्हणजे चीक. तगर आणि अनंत दोन्ही पांढऱ्या फुलांचे, दोन्हींची पानं समोरासमोर. पान तोडल्यावर तगरीतून दुधाळ चीक येतो, अनंतातून येत नाही. कण्हेरीची पानं बहुधा एका पेरावर तीन-तीन, तर पिवळ्या फुलांच्या बिट्टीची एकेक, फांदीभोवती फिरत गेलेली. दोन्ही विषारी. हात धुवावेत आणि चीक डोळ्यांजवळ नेऊ नये.

वडाच्या गोतावळ्यात चिकासोबत आणखी एक खूण मिळते. कोवळ्या फांदीवर प्रत्येक पानापाशी एक कडं उमटलेलं असतं, शेंड्याला झाकणारं उपपर्ण गळून गेल्याचा तो व्रण. पंचवटीत सीतागुंफेपाशी वड पाहून घ्यावा. जाड पान, देठ नसलेली आणि जोडीने लागणारी फळं, पारंब्या. पिंपळाच्या पानाला लांब शेपटी. उंबराची फळं थेट खोडावर घोसाने येतात आणि पानांवर बरेचदा फोड दिसतात. तो रोग समजून लोक फवारणीच्या तयारीला लागतात, पण त्या किड्यांनी केलेल्या गाठी असतात. झाडाला त्याचं विशेष काही वाटत नाही.

दसऱ्याला आपट्याच्या नावाखाली कांचनाच्या फांद्या सर्रास ओरबाडल्या जातात. आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं त्याच्या दुप्पट-तिप्पट मोठं आणि पातळ. अंजनाचं पानही तसंच दिसतं, पण तिथे दोन सुट्या पर्णिका असतात. आपट्याचं पातं एकच, मधे चिरलेलं.

चुका बहुतेक वेळा नमुन्यामुळे होतात. तोडलेल्या खोडावरचे धुमारे आणि रोपं यांची पानं मोठ्या झाडापेक्षा बरीच वेगळी, सहसा मोठी असतात. खाली पडलेलं पान शेजारच्या झाडाचं किंवा वर चढलेल्या वेलीचं असू शकतं. मोबाइल अ‍ॅपला लांबून काढलेला हिरवा ढीग दाखवला तर ते काहीतरी शोभेचं परदेशी नाव सुचवतं. दोष अ‍ॅपचा कमी, फोटोचा जास्त. अख्खं झाड, साल, पान फांदीला जोडलेली जागा, पानाची खालची बाजू मोजपट्टीसह आणि मिळालं तर फळ, असे पाच फोटो द्यावेत. मग सुचवलेलं नाव खुणांशी ताडून बघावं.

जागाही निम्मं काम करते. त्र्यंबक-इगतपुरीकडे पाऊस जास्त, तिथे जांभूळ, हिरडा, अंजनी अपेक्षित धरावेत. येवला-नांदगावकडच्या कोरड्या माळावर बाभूळ, हिवर, बोर. नाशिक शहराभोवतीच्या टेकड्यांवर जानेवारीनंतर निष्पर्ण फांद्यांवर गुलाबी फुलं दिसली तर ते बहुधा लावलेलं गिरिपुष्प, मूळचं मध्य अमेरिकेकडचं. पानांवर असताना ते करंजासारखं वाटतं, पण करंजाला पर्णिका पाच ते नऊ आणि तुकतुकीत, गिरिपुष्पाला बहुधा त्याहून जास्त. करंजाची शेंग आखूड, फुगीर, बहुधा एका बीची. गिरिपुष्पाची लांब, चपटी, अनेक बियांची.