स्त्रीवाद

स्त्री-पुरुष विषमता निसर्गदत्त नसून समाजाने घडवलेली आहे, सबब ती बदलता येते, असे मानणारी विचारसरणी व तीतून उभ्या राहिलेल्या चळवळी. कायद्याइतकाच रूढ संकेतांचा प्रश्न तिला महत्त्वाचा वाटतो. कायदा निदान लिहिलेला असतो. संकेत मोडणाऱ्या बाईला शिक्षा आप्तस्वकीयच देतात.

मूळ फ्रेंच संज्ञा ‘फेमिनिझ्म’ ही समाजवादी विचारवंत शार्ल फूरिए (१७७२–१८३७) याने घडवली असे अनेक कोशांत आढळते आणि १८३७ हे सालही दिले जाते. तथापि त्याच्या लेखनात हा शब्द सापडलेला नाही. स्त्रियांचे स्वातंत्र्य हे समाजाच्या प्रगतीचे माप होय, असे त्याने १८०८ मध्ये मांडले होते. त्यावरूनच शब्दाचे श्रेयही त्याला चिकटले असावे. १८७१ च्या एका फ्रेंच वैद्यकीय प्रबंधात तो क्षयरोगी पुरुषांमधील स्त्रीसदृश शरीरलक्षणांसाठी आला आहे. पुढच्याच वर्षी फ्रेंच नाटककार धाकट्या अलेक्सांद्र द्यूमाने ‘फेमिनिस्त’ हे विशेषण हेटाळणीच्या सुरात वापरले. मताधिकारासाठी झगडणाऱ्या ह्यूबर्टीन ओक्लेर यांनी १८८० च्या दशकात ते स्वतःसाठी घेतले. म्हणजे पुरुषातील विकृती, मग टवाळी आणि मग बिरुद, असा हा प्रवास दिसतो. स्त्रियांच्या हक्कांची बाजू मांडणाऱ्या इंग्रज लेखिका मेरी वुलस्टनक्राफ्ट (१७५९–१७९७) यांना स्त्रीवादी म्हणणे हे त्यामुळे मागाहून लावलेले लेबल ठरते.

संकेत किती बारीकसारीक असतात हे पोशाखावरून कळते. पॅरिसमध्ये १८०० च्या हुकुमान्वये पुरुषी वेश करू पाहणाऱ्या स्त्रीला पोलिसांचा परवाना लागे, तोही प्रकृतीच्या कारणासाठी. १८९२ व १९०९ मध्ये सवलत मिळाली ती हातात सायकलचे हँडल किंवा घोड्याचा लगाम असेल तरच. हा हुकूम निष्प्रभ असल्याचे फ्रेंच सरकारने २०१३ मध्ये स्पष्ट केले.

नावाची गोष्टही तशीच. अमेरिकेतील स्त्री-हक्क कार्यकर्त्या लूसी स्टोन यांनी १८५५ मध्ये विवाह केला, पण माहेरचे आडनाव सोडले नाही. १८७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये स्त्रियांना शालेय समितीच्या निवडणुकीत मत मिळाले. स्टोन यांना मात्र पतीचे आडनाव लावल्याखेरीज नोंदणी नाकारण्यात आली. त्यांनी मतावर पाणी सोडले.

चळवळीच्या इतिहासाची ‘लाटां’त, म्हणजे जोमाच्या कालखंडांत, विभागणी १९६८ नंतर रूढ झाली, ती सोयीची असली तरी दोन लाटांमधील काम तीत झाकले जाते. त्याहून मूलगामी आक्षेप ‘स्त्री’ या एकसंध कल्पनेवर आहे. अमेरिकी कायदेतज्ज्ञ किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या आंतरछेदितेच्या (वंश, लिंग इत्यादी भेदभाव एकमेकांत गुंतलेले असतात या) संकल्पनेमागे एक अमेरिकी खटला आहे. मोटार कारखान्यातील कृष्णवर्णीय स्त्रियांनी भेदभावाची तक्रार केली होती. न्यायालयाने स्त्रिया म्हणून आणि कृष्णवर्णीय म्हणून त्यांचे दावे वेगवेगळे तपासले. कंपनीत स्त्रिया होत्या, त्या गौरवर्णीय. कृष्णवर्णीय होते, ते पुरुष. दोन्हींच्या फटीत सापडलेल्यांचा एकत्रित दावा ग्राह्य धरला गेला नाही.